केकखालची कागदी वाटी

पदार्थविज्ञानाच्या बाईंना शाळेत सगळे पाठीमागे ‘लिंबू’ म्हणत. तोंड कायम आंबट असायचं म्हणून. बाईंना ते ठाऊक होतं, आणि एवढ्या मोठ्या शाळेला याहून बरं टोपणनाव सुचू नये, याचीच त्यांना कीव यायची.

तशी कीव त्यांना सगळ्यांचीच यायची. प्रयोगशाळेत मुलं आधी पुस्तकातलं उत्तर बघत, मग त्याला साजेशी निरीक्षणं उलटीकडून बनवत, आणि बाकीचे शिक्षक त्यावर डोळे मिटून सह्या ठोकत.

“हा प्रयोग नाही, शुद्धलेखन आहे,” बाई म्हणत. कुणी मनावर घेत नसे.

उपमुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात भाषणं आवरेनात, म्हणून बाई केकची बशी घेऊन वरच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. केक संपल्यावर त्याखालची चुण्यांची कागदी वाटी त्यांनी कठड्यावरून सोडून दिली, निव्वळ कंटाळ्यापोटी. वाटी उलटली नाही, गिरकी घेतली नाही. कुणी तोलून धरल्यासारखी सरळ, एका संथ वेगानं खाली उतरली. बाईंनी इतरांच्या उष्ट्या बशांतल्या चार वाट्या गोळा केल्या, एकात एक बसवल्या आणि सोडल्या. त्या झपकन गेल्या. खाली टाळ्या वाजत होत्या. बाईंना पत्ताच नव्हता.

घरी थोरली बहीण गुडघे धरून सोफ्यावर पडलेली. तिचीही जीभ काही कमी तिखट नव्हती.

“एवढं शिकलीस ते कागद पाडायला?”

“तू फक्त ऐक, ताई. आवाज किती येतात ते सांग.”

बाईंनी जमिनीवर पत्र्याचा ट्रे ठेवला. एका हातात कमरेच्या उंचीवर एक वाटी, दुसऱ्या हातात डोक्याच्या जरा खाली चार वाट्यांची चळत. दोन्ही एकदम सोडल्या.

“दोन,” ताई म्हणाली.

बाईंनी वरचा हात किंचित उचलला.

“दोनच. आणि माझ्या चहाचं काय?”

हात आणखी चार बोटं वर गेला. ताई एकदम उठून बसली. “अगं, एकच आला!”

वजन चौपट, तर वेग दुप्पट. म्हणून जवळजवळ दुप्पट उंचीवरून सोडलं की दोन्ही एकदम टेकतात. घड्याळ नको, यंत्र नको, कान पुरे. शिवाय हे उत्तर शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणजे मुलांना ढापायला जागा नव्हती. त्या आठवड्यात बाई चक्क हसताना दिसल्या, अशी शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली.

दहावीच्या वर्गाला त्यांनी सुरुवातीला सोपंच काम दिलं: एक वाटी आणि चारांची चळत एकाच उंचीवरून सोडा, काय होतं ते लिहा. झाडून सगळ्या गटांनी लिहिलं, ‘दोन्ही एकाच वेळी पोचतात.’ सगळ्या वस्तू सारख्याच पडतात, असं पुस्तक म्हणत होतं. पुस्तकात त्याआधी ‘हवा नसताना’ असंही होतं, पण ते वाचण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

“डोळे घरी विसरून आलात का रे?”

बाईंनी ट्रे जमिनीवर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत वाट्या सोडल्या. टप्. मग, सावकाश, टप्.

“किती आवाज आले?”

“एक, बाई,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी लगेच री ओढली. बाईंनी वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला उभं केलं.

“तू सांग.”

ती जराही गोंधळली नाही. “बाई, तुम्हाला किती हवेत?”

मूर्ख म्हणून मोकळं व्हावं, तर पोर मूर्ख नव्हती, उर्मटही नव्हती. तिनं व्यवहाराचं विचारलं होतं. शाळेत काय चालतं ते तिला नीट कळलं होतं, आणि गेली तीन वर्षं ती बाईंच्याच हाताखाली होती.

मुख्याध्यापक मात्र खूश. “अख्ख्या वर्गाचं एकच उत्तर! याला म्हणतात शिकवणं!” त्यांनी ते उत्तर मोठ्या पाटीवर रंगवून घेतलं, प्रदर्शनासाठी.

“चूक आहे ते,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण सगळ्यांचं सारखं आहे ना?”

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंनी पाटी उलटी करून ठेवली. पाहुणे कोऱ्या बाजूसमोर थांबले, मान डोलावली, “साधेपणा आवडला,” म्हणाले आणि पुढे गेले.

पुढच्या वर्षी बाईंनी स्वतःहून पाचवीचा वर्ग मागून घेतला. ‘लिंबू पिळून संपलं,’ असं सहकारी म्हणाले. पहिल्याच तासाला, पुस्तकं वाटण्याआधी, बाईंनी वाट्या सोडल्या.

“दोन! दोन!” वर्ग ओरडला. बाईंनी नाक मुरडलं, पण त्यांना बरं वाटलं. मग कमरेपासून एक, डोक्यापासून चार. पुन्हा दोन आवाज. बाई चपापल्या.

“तुम्ही वरच्या आधी सोडल्या,” पुढच्या बाकावरची, शेंबूड पुसत बसलेली एक मुलगी म्हणाली.

“मी?”

“हो. मी बघितलं ना.”

बाईंचा पारा चढला. एवढ्या वर्षांत त्यांची चूक कुणी दाखवली नव्हती. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. पोरीचं खरं असण्याची शक्यता होती. त्यांनी वाट्या उचलून तिच्यापुढे धरल्या.

“तू कर.”

मुलगी बाकावर चढली. तिच्या हातून चळत कलंडली आणि ट्रेबाहेर जाऊन पडली.

“गाढव,” बाई म्हणाल्या. “परत.”