चिंध्यांचा पडदा

सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात बसून काजमावशींनी शर्टांना काजं केली. बटण अडकवायची चीर पाडायची आणि तिच्या कडेनं दोरा भरायचा, दिवसाला चार-पाचशे वेळा. हाताखालून एवढी काजं गेली की लोक त्यांचं खरं नाव विसरूनच गेले. शेजारी, दूधवाला, डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी काजमावशी.

कारखान्यात मुख्यतः गणवेश शिवले जात; शाळांचे, नर्सबाईंचे, बसच्या कंडक्टरांचे. मधूनमधून फ्रॉकही. बेतून उरलेली कातरणं शनिवारी दारापाशी ओतली जायची आणि ती घरी न्यायची बायकांना मुभा होती. बाकीच्या पुसायला-बिसायला मूठभर न्यायच्या, मावशी पिशवीभर. निवृत्त झाल्या तेव्हा घरात सात पोती साठली होती. दोन पलंगाखाली, तीन जिन्याखाली आणि दोन चक्क न्हाणीघराच्या माळ्यावर.

त्यांतून त्यांनी गोधड्या शिवल्या, पायपुसणी शिवली, उशांचे अभ्रे शिवले. मग मिक्सरला झबलं शिवलं, रेडिओला शिवलं, पाण्याच्या पिंपाला शिवलं. त्यांचे यजमान मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ. एकदा ते सुनेला म्हणाले, "मी हल्ली एका जागी फार वेळ बसत नाही. भीती वाटते."

सून शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं सासूशी छान जमायचं, पण पोत्यांशी हाडवैर.

"आई, या घरात आपण चौघं राहतो की ही सात पोती?"

"पोती उलटून बोलत नाहीत," मावशी म्हणायच्या, आणि सुईत दोरा ओवायच्या.

एका सोमवारी मात्र सून शाळेतून आली ती चपलाही न काढता जिन्याखालच्या पोत्यावर बसली.

"आई, शाळेच्या स्टेजचा पडदा उंदरांनी खाल्ला."

"सगळा?"

"जो उरलाय तोही खाल्ला असता तर बरं झालं असतं. कार्यक्रम एकोणीस दिवसांवर आलाय. मुख्याध्यापिका म्हणतात, यंदा पडद्याशिवाय करा. आता आमच्या नाटकात शेवटी राजा मरतो. पडदा नाही म्हटल्यावर त्यानं काय उठून चालत आत जायचं?"

मावशींनी हातातलं शिवण खाली ठेवलं. "केवढा होता गं पडदा?"

सुनेनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "ही भिंत घ्या. अशा चार."

"ऊठ," मावशी म्हणाल्या.

"कुठं जायचंय?"

"कुठं नाही. पोत्यावरून ऊठ."

त्या संध्याकाळी सातही पोती बैठकीत ओतली गेली. मुलगा कामावरून आला तर त्याला दारातून आत यायला जागा नव्हती. यजमानांनी शाळेत जाऊन स्टेज मोजलं, कागदावर आकडे मांडले आणि जाहीर केलं, "दोन बाजूंना सरकणारा पडदा, म्हणजे दोन भाग. प्रत्येक बारा फूट बाय बारा फूट. तुझ्या एका मशीनवर तीस दिवस."

एकोणीस दिवसांत करायचं तर दुसरी मशीन आणि दुसरा तसाच हात हवा होता, आणि तसा हात त्यांच्या माहितीत एकच होता. कॉलरताईचा.

कॉलरताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. कारखान्यात दोघींच्या मशिनी शेजारी-शेजारी, डबा एकत्र, गप्पा एकत्र. मग एका शनिवारी कातरणांच्या ढिगातल्या एकाच तुकड्यावर दोघींचे हात पडले. दोघींनी ओढलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं बोलणं बंद. रस्त्यात समोर आल्या तरी एक जण दुकानांच्या पाट्या वाचायला लागायची.

"मी जाते त्यांच्याकडे," सून म्हणाली.

"तू कशाला? ओढलं मी होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी कॉलरताईच्या दारात उभ्या राहिल्या. तिनं दार उघडलं.

"बारा फूट बाय बारा फूट शिवायचंय," मावशी म्हणाल्या. "शाळेसाठी. मला एकटीला झेपत नाही."

कॉलरताई म्हणाली, "तू मला 'झेपत नाही' असं सांगायला आलीस?"

"हो."

"मग आत ये. उभी काय राहिलीस."

चहा होईपर्यंत भांडण पुन्हा निघालंच. मावशी म्हणाल्या, ती निळी मखमल होती. कॉलरताई म्हणाली, मखमल कसली, हिरवं साटीन होतं. कारखान्यात मखमल आलीच कधी? दोघी हट्टाला पेटल्या, आणि मग एकाच वेळी दोघींच्या लक्षात आलं की ज्याच्यासाठी अकरा वर्षं अबोला धरला तो तुकडा नेमका कोणता होता हेच कुणाला आठवत नाही. कॉलरताई आधी हसली. मावशींना हसताना ठसका लागला, तेव्हा तिनं त्यांच्या पाठीवर जरा जोरातच थापटलं.

पुढचे पंधरा दिवस दोन घरांत दोन मशिनी खडखडत होत्या. सून रंग जुळवून द्यायची. कुठल्या पिवळ्याशेजारी कुठला निळा, कुठं पांढऱ्याला जरा श्वास घ्यायला जागा. एके दिवशी ती हातात मूठभर चौकडीचे तुकडे धरून बसून राहिली.

"आई, हे रंग मला आधी का नाही दिसले?"

"पोतं उघडल्याशिवाय कसे दिसतील?"

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी दोन्ही भाग शाळेच्या हॉलमध्ये शेजारी-शेजारी पसरले आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मावशींचा भाग तब्बल वीतभर लांब होता. यजमानांनी शांतपणे मावशींची टेप मागितली, स्वतःच्या अंगाला लावली आणि म्हणाले, "कापडी टेप आहे, ओढून ओढून लांबलीय. हिच्या मापानं मी पाच फूट दोन इंच भरतो. मी बुटका आहे, पण इतका नाही."

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी उसवायला कात्री उचलली. कॉलरताईनं ती काढून घेतली.

"उसवायचं नाही. खाली दुमड. पडद्याला तळाशी वजन लागतंच, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं उडेल. माझ्या भागाला मी कंडक्टरांच्या खाकीची जाड पट्टी लावते. दोन्ही सारखे बसतील."

आणि बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी लोक आले, खुर्च्यांवर बसले आणि एकेक करून उठून स्टेजपाशी जाऊ लागले. एक निवृत्त नर्स एका पट्टीवर बोट ठेवून उभी होती. तिच्या पहिल्या नोकरीचा रंग होता तो. एक टकले गृहस्थ बायकोला हाका मारून सांगत होते, "ही चौकडी बघ. ही चड्डी घालून मी दोनदा नापास झालोय." शेवटी मुख्याध्यापिकांना माईकवरून सांगावं लागलं, "पालकांना विनंती आहे, पडदा उघडू द्या. त्याच्यामागे मुलं कधीची उभी आहेत." अर्ध्या तासानं पडदा उघडला. नाटकात राजा अगदी आरामात मेला, कारण त्याला झाकायला आता काहीतरी होतं.

मावशी आणि कॉलरताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. दर वेळी पडदा मिटला की दोघी वाकून तळाची रेघ सरळ आहे का ते बघायच्या, आणि नाटक कशावर होतं हे दोघींनाही नंतर सांगता आलं नाही.

महिनाभरानं मुख्याध्यापिकांनी दोघींना दर बुधवारी दुपारी शिवणाचा एक तास देऊ केला. दोघी एकाच टेबलावर बसतात आणि धावदोऱ्याचा टाका किती लांब असावा यावर मुलांसमोर वाद घालतात. मुलांना तेच फार आवडतं. पहिल्या बुधवारी चौदा मुलं आली. दुसऱ्या बुधवारी एकतीस, आणि शेवटच्या बाकावर, गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन, पी.टी.चे सर.