टकरसाहेबांची गिटार आणि परबकाकांचं गाऱ्हाणं

भूत, नवस, कौल यांच्या बातम्या मी आयुष्यभर कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. दोन माणसांनी दुजोरा दिल्याशिवाय मी पाऊससुद्धा छापत नसे. तरीही हे लिहितो आहे, कारण यात दुजोरा द्यायला माणसं भरपूर होती...

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी बहारीनमध्ये, मनामातल्या एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होतो. एल्मो टकर हे अमेरिकेतले नावाजलेले ब्लूज गिटारवादक तिथल्या एका हॉटेलात कार्यक्रमासाठी आले. कापसाच्या शेतावरचं बालपण, चर्चमधलं गाणं, मग शिकागो आणि कीर्ती. पहिल्या रेकॉर्डपासून गिटार एकच. तिच्याशिवाय ते स्टेजवर जात नसत.

मुलाखतीसाठी मी मुहर्रकच्या विमानतळावर गेलो होतो. ते उतरले. गिटार उतरली नाही.

बॅगेज विभागात रत्नागिरीचे इक्बाल मुकादम होते. "सिंगापूरचा टेलेक्स आलाय. गिटार चुकून तिथे गेलीय, उद्या पाठवतील," ते म्हणाले. "आजचा कार्यक्रम खलास."

टकरसाहेब हॉटेलच्या गाडीला टेकून उभे राहिले. "मग मी वाजवणार नाही," एवढंच बोलले.

गाडीचे ड्रायव्हर परबकाका, कणकवलीकडचे. त्यांनी बूट काढले, गावाच्या दिशेला तोंड केलं आणि भर दुपारी पार्किंगमध्ये देवाला गाऱ्हाणं घातलं, कोकणात घालतात तसं.

"बा देवा म्हाराजा! ह्यो पावणो सात समुद्र ओलांडून इलो हा. तेची गिटार खयच्या इमानात अडाकली आसात, ती सोडव आणि वाटेक लाव, म्हाराजा!"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "अरे, 'होय म्हाराजा' म्हणूक कोणतरी व्हया ना! गाऱ्हाणा एकट्यान घालूचा नसता."

"काका, मी बातमीदार आहे. मी फक्त ऐकणार."

"मगे ऐकत ऱ्हव!"

टकरसाहेबांनी काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी काळा चष्मा काढला.

"गिटार गावली की ह्यो सोताच्या हातान तुका नारळ देतलो, म्हाराजा!"

"येस, लॉर्ड!" टकरसाहेब म्हणाले. अगदी ठेक्यात. लहानपणी चर्चमध्ये हेच करत होतो, असं नंतर म्हणाले.

आम्ही निघतोय तोच मुकादम धावत आले. कुठलंही विमान उतरलेलं नसताना सामानाचा बंद पट्टा सुरू झाला होता, आणि त्यावर गिटारची पेटी एकटीच फिरत होती. टॅग सिंगापूरचा! टकरसाहेबांनी पेटी उघडली, तारा छेडल्या. गिटार त्यांचीच.

संध्याकाळी कार्यक्रम झाला, उत्तम झाला. तो चालू असतानाच सिंगापूरचा दुसरा टेलेक्स आला — गिटार आमच्याकडे सुरक्षित आहे, पाठवू का? मुकादमांनी उत्तर दिलं, "ती तुम्हीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी टकरसाहेब दुबईला गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन न्यूजरूममध्ये आला. गिटार पुन्हा हरवली होती, संध्याकाळी कार्यक्रम होता. "मिस्टर परबांना विचार, माझं काय राहिलं?"

मी हॉटेलात निरोप दिला, परबकाका युनिफॉर्ममध्येच आले. "नारळ ऱ्हवलो! बोललंय मी, पण होय म्हटलान तेणा. दुबईत नारळ मिळतत म्हणान सांग." मी दुबईला फोन लावून सांगितलं. तिकडे नारळ आणवला गेला. काकांनी बूट काढले आणि रिसीव्हर धरला.

"बा देवा म्हाराजा! चूक झाली, पदरात घे. ह्यो आता नारळ फोडता हा, तेची वस्तू तेका दी, म्हाराजा!"

पलीकडून नुसती खरखर. लाइन गेली होती. काका थांबले. गाऱ्हाणं अर्ध्यावर लटकत होतं. आमच्या इंग्रज संपादकांनी टाइपरायटर थांबवला. काकांनी माझ्याकडे बघितलं...

"होय म्हाराजा!" मी ओरडलो.

गिटार तासाभरात मिळाल्याचं दुबईहून कळलं. कशी, ते तिथेही कुणाला सांगता आलं नाही. पट्ट्यावर पेटी कुठून आली, सिंगापूरला कोणती गिटार होती, हेही मला आजवर समजलेलं नाही. आणि मी एवढ्या मोठ्याने का ओरडलो, याचा खुलासा संपादकांनी लेखी मागितला होता. तोही अजून द्यायचाच आहे.