विहिरीवरचा पांढरा पट्टा

गावच्या विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटचा एक पांढरा पट्टा आहे आणि त्यावर ताजं हळदकुंकू. स्वातंत्र्यानंतर सरकारची भूजलाची पाहणी झाली, तेव्हा पाण्याची पातळी मोजायला टेप सोडायच्या जागी साहेबांनी केलेली ही खूण.

"मी तवा नवी नवरी," समोरच्या ओसरीवर बसलेल्या सरूबाई मला कौतुकानं सांगत होत्या. "सायेब येनार म्हनून आदल्या दिवशी कुनीच पानी शेंदलं न्हाई. पावन्याला रिकामी हीर दावायची व्हय? म्हस तहानंनं हंबरत हुती, ती माळावर नेऊन बांधली."

साहेबांनी टेप सोडली, पाणी मुबलक आहे असा शेरा मारला आणि खुशीत निघून गेले. त्या शेऱ्यामुळे सरकारी तलाव शेजारच्या गावाला मिळाला. इथं टँकर येतो, आला तर.

खडकाच्या पोटातलं ओळखणाऱ्या त्या माणसांना यजमानाच्या पोटातलं ओळखता आलं नाही. अगत्याइतकं निर्दय काही नसावं. ते आधी घरच्यांचा घसा कोरडा करतं आणि मग पाहुण्याच्या डोळ्यांत धूळ फेकतं. वर त्या खुणेला कुंकू! मला चीड आली. या बाईला एकदा खडसावून सांगावं, असं वाटलं.

तेवढ्यात त्यांनी काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला. उन्हातून आलो होतो, घटाघटा प्यायलो.

"आनखी देऊ?"

मी तांब्या पुढे केला. आत सुनेनं हंडा तिरका केला, मग आडवा, मग उपडा. सरूबाई माझ्याकडे बघून हसतच होत्या.