तळमजला छपरावर

ऑफिसात त्याला 'तळमजला' म्हणत. विमा कंपनीचं ते ऑफिस चौथ्या मजल्यावर होतं आणि हा गृहस्थ कायम खिडकीकडे पाठ करून बसायचा. कुणी खिडकीपाशी चहाला बोलावलं की याला नेमकं काहीतरी काम आठवायचं. उभी जवानी त्याने बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसून काढली होती आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे दुकान बंद पडलं, मेव्हण्याने कुठेतरी शब्द टाकला आणि चाळिशी उलटल्यावर तो नुकसान तपासणारा सर्व्हेअर झाला. नुकसान जमिनीवरच होतं अशी त्या बिचाऱ्याची समजूत होती. वादळात आधी छप्पर जातं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुरुवातीला मोठे साहेब वर चढायचे आणि हा खाली शिडी धरायचा. काम तसं सोपं. फुटलेल्या पत्र्याभोवती खडूने गोल काढायचा, फोटो घ्यायचा आणि उतरायचं. मोठ्या साहेबांचा एकच हेका होता. "जे डोळ्यांनी बघितलं आणि खडूने आखलं तेवढंच नुकसान. बाकी सगळ्या गप्पा."

घरी बायकोने उपाय आरंभले. स्टुलावर उभं करून त्याला पंखे पुसायला लावले.

"अहो, डोळे उघडे ठेवून पुसा. धूळ सगळी तशीच राहिलीय."

"बाबा, मी स्टूल धरलंय," मुलगी खालून धीर द्यायची आणि हसू दाबता दाबता स्टूलच हलवायची. घरातले सगळे पंखे लख्ख झाले, भीती मात्र होती तिथेच राहिली.

मग मोठं वादळ झालं, कामं तुंबली आणि एक घर त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलं. घर शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन खडखडत असायचं आणि मागच्या खोलीत खुब्याचं हाड मोडलेला नवरा पडून असायचा. छपरावर सिमेंटचे पत्रे आणि खाली प्लायवूडचं छत. मागच्या खोलीतल्या छतावर, बरोबर पलंगाच्या वर, ओलीचा भलामोठा डाग पडला होता.

"रोज वाढतोय तो," पलंगावरून काका म्हणाले. "परवापर्यंत बेडूक होता. आता घोडा झालाय."

त्याने डागाचा फोटो घेतला. पण पाणी काय, कुठूनही झिरपतं. पत्रे वादळाने फुटलेत हे वर गेल्याशिवाय ठरणार नव्हतं. तो बाहेर आला. घर उतारावर होतं, त्यामुळे मागची बाजू चांगलीच उंच आणि खाली कोरडा नाला. शिडीवर थोडं चढल्यावर त्याच्या तळहातांना घाम सुटला आणि तो आला तसा खाली उतरला.

"शिडी बरोबर नाही. पुन्हा येतो."

"या की. सावकाश या," मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातांकडे बघितलं होतं.

पुढच्या वेळी ऑफिसात दुसरं काम निघालं, म्हणजे त्यानेच ते काढलं. त्यानंतर त्याने फोन केला.

"मावशी, आज वारा फार आहे."

"वारा? अहो, इथे दोरीवरचं फडकंसुद्धा हलत नाहीये." मग मशीनची खडखड थांबली. "खरं सांगा, भीती वाटते ना तुम्हाला?"

त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण इतक्या दिवसांत हे कुणी न हसता विचारलं नव्हतं. "वाटते. फुटक्या पत्र्यातून पाय आरपार जाईल असं वाटतं. रात्री स्वप्नातही तेच दिसतं."

"अगंबाई! एवढंच ना? तुम्ही गुरुवारी या. मी बघते काय ते."

मावशी कुणाकडून तरी भक्कम शिडी मागून आणतील, असं त्याला वाटलं. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

गुरुवारी मावशी अंगणात शिडी धरून उभ्याच होत्या. "खाली बघू नका, वर बघू नका. माझं बोलणं ऐका नुसतं," असं म्हणून त्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली. त्या बाईला दर महिन्याला ब्लाउज घट्ट होई आणि ती दोष देई मावशींच्या टेपला. तो हसला आणि एक पाय वर गेला. गिऱ्हाइकाची सासू आली, नणंद आली, आणि गोष्ट संपली तेव्हा तो छपरावर होता. आढ्यापर्यंत तो रांगतच गेला. पलीकडे, मागच्या उतारावर, त्याने आधी एक पाय टेकवला, मग दुसरा. पत्रा जराही करकरला नाही. तो हळूहळू उभा राहिला. नाल्यापलीकडची घरं, दोऱ्यांवरचे कपडे, लांबवर चाललेलं रस्त्याचं काम, सगळं त्याला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं.

त्याने खिशातून खडू काढला आणि फुटका पत्रा शोधू लागला.

जुन्या शेवाळलेल्या पत्र्यांमध्ये काही पत्रे कोरे करकरीत होते. त्यांना एक चीरसुद्धा नव्हती.

"मावशी," त्याने वरून विचारलं, "फुटलेले पत्रे कुठे आहेत?"

"काढून टाकले की! म्हटलं, तुमचा पाय जायला नको. चांगले मजबूत घातलेत, बिनधास्त नाचा."

"पण ते जुने?"

"पत्रेवाला घेऊन गेला. तिकडे रस्त्याच्या भरावात टाकले असतील."

"फोटो काढून ठेवलेत?"

"फोटो कशाला? तुम्ही येणारच होतात ना बघायला."

तो मटकन खाली बसला. नवा पत्रा म्हणजे नवा पत्रा. जुना वादळाने फुटला, की वयाने, की कुणाच्या पायाने, हे त्यावरून कळणार नव्हतं. पहिल्याच दिवशी आपण वर आलो असतो तर सगळं इथेच होतं, या विचाराने त्याला रडू यायला लागलं. काहीतरी करायचं म्हणून त्याने एका कोऱ्या पत्र्यावर खडूने गोल काढला, बघितला आणि बाहीने पुसून टाकला.

तो भराभर उतरला. मावशींनी टाळ्याच वाजवल्या. "बघा! गेली की नाही भीती?" आतून काका ओरडले, "शाबास, साहेब!"

पाणी प्यायला तो आत गेला. खिडकीपाशी मशीन नव्हतं. फरशीवर मशीनच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

"पत्रेवाल्याकडे ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "विम्याचे आले की आणायचं. तोवर हातशिलाई."

त्याला सगळं सांगून टाकायचं होतं. पण ऑफिसने कळवल्याशिवाय सर्व्हेअरने बोलायचं नसतं, आणि त्या नियमाआड लपून त्याने पेला रिकामा केला.

ऑफिसात त्याने मोठ्या साहेबांना काही लपवलं नाही. "माझ्या भीतीपायी त्यांनी काढले, साहेब. उशीर माझा आहे."

"फुटलेले पत्रे तू स्वतः बघितलेस?"

"नाही."

"मग मी तरी काय करू?" साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "वर चढलास, हे मात्र झकास झालं. आता नोकरीची काळजी सोड."

नकार पोस्टाने जायचा होता. तो पोचण्याआधी मावशींचा फोन आला. तेव्हा तो एका गोदामाच्या छपरावर, अगदी कडेला उभा होता.

"साहेब, आज चढलात का कुठे?"

"चढलोय, मावशी."

"भीती?"

"नाही वाटत."

"अहो, ऐकलंत का, नाही वाटत म्हणतायत!" त्यांनी आनंदाने नवऱ्याला ओरडून सांगितलं. मग फोनवर म्हणाल्या, "बरं झालं बाई. मला तुमचीच काळजी लागली होती."

विम्याचं त्यांनी विचारलंच नाही. तो कडेला उभा होता, पाय घट्ट रोवलेले होते आणि नकाराचं सांगायची मात्र त्याला भीती वाटत होती.