बिडाची मशीन आणि माझा बोल्ट

आमच्या घरात कमजोर वस्तू कधी मोडत नाहीत. आईची शेवयाची मशीन तर मी ती मजबूत केल्यामुळं मोडली.

मी साताऱ्याला बोल्टच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर बोल्ट तुटेपर्यंत ताणायचे आणि नव्या पोरांना ऐकवायचं, "पोलाद तुटायच्या आधी लांबतं, इशारा देतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते मात्र दाबलं तर पहाड, ताणलं तर पापड!" (इथं कुणी टाळ्या वाजवत नाही, पण मी थांबतो.)

यंदा उन्हाळ्यात माझ्या लेकीचं, मनालीचं लग्न ठरलं. आईनं जाहीर केलं, "रुखवताच्या शेवया माज्याच मशीनवर. मग मशीनबी मनीलाच." कडेगावच्या माहेराहून आलेली ती बिडाची मशीन म्हणजे आईचा जीव. खोट एकच. मशीन बाजेला आवळायचा खालचा स्क्रू झिजला होता. हँडल फिरवलं की मशीन नाचायची, म्हणून शेजारच्या शालनकाकू ती दोन्ही हातांनी दाबून धरायच्या. हात अडकलेले, तोंड मोकळं! आमच्या गावच्या, आष्ट्यातल्या सगळ्या बातम्या आम्हाला शेवयांबरोबरच मिळायच्या.

सुट्टीला गावी येताना मी कारखान्यातला दहा पॉइंट नऊ ग्रेडचा बोल्ट विकत घेऊन आलो. झिजलेल्या स्क्रूच्या भोकाला नवे आटे पाडले आणि तो बसवला.

"काकू, आता तुमी निवांत बसा. ह्या बोल्टाला जीप टांगली तरी तुटायचा न्हाई!"

"आमाला जीप कशाला टांगायची रं?" काकू म्हणाल्या. "शेवया करायच्यात."

पीठ मळून तयार होतं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. एवढे प्रेक्षक मला कारखान्यात कधी मिळाले नव्हते.

"बास कर, बसली घट्ट," आई म्हणाली.

"आई, अजून अर्धा फेरा बसतोय!"

मी पान्याला पाइप जोडला आणि जोर लावला.

टक्क!

मशीनचा बाजेला धरणारा आकडा तुटून माझ्या पायावर पडला.

"तुटला न्हवं बोल्ट?" काकू ओरडल्या.

"छ्या! बोल्टाला साधा ओरखडा न्हाई," मी अभिमानानं म्हणालो. (सवय!)

आईनं तुटका तुकडा उचलून पदरानं पुसला. मनाली तो मशीनला लावून बघू लागली. त्या दोघींचे चेहरे बघून मला चक्क रडू आलं. बीड ताण सोसत नाही हे मला पाठ होतं आणि मी पाइप लावून तेच ताणलं होतं. तो झिजलेला स्क्रू इतकी वर्षं जरा सैल राहून मशीन सांभाळत होता. घरातही कुणीतरी एक जण सैल धरतो, म्हणून बाकीचे ताठ राहू शकतात. आमच्या घरात ते काम बायको करते. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

"रडतोस काय? पीठ वाळाय लागलंय," आई म्हणाली. "मने, माळ्यावरचा पाट आण."

मग आईनं पाटावर हाताच्या शेवया वळायला घेतल्या. तिच्या बोटांतून सूत निघत होतं, मनालीच्या बोटांतून नाडा! आई तिचे हात आपल्या हातांत धरून शिकवत राहिली, काकू बातम्या सांगत राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत नाड्याचं सूत झालं.

"मशीन ऱ्हाऊ दे हितंच," आई तिला म्हणाली. "तू आता हात घिऊन जा सासरला."

मनाली आजीच्या गळ्यात पडली. मला माफी मिळाली असं मी समजलो.

लग्नात रुखवत बघताना इस्लामपूरचे व्याही शेवयांपाशी थांबले. ताटात शेवयांच्या मधोमध, हळदकुंकू लावून, माझा बोल्ट ठेवलेला!

"आवं, ह्ये काय?" व्याह्यांनी विचारलं.

आई शांतपणे म्हणाली, "शेवया नवरीनं केल्यात. नवरीच्या बापानं हात लावल्यालं एवडंच शाबूत ऱ्हायलं, म्हनून मांडलंय."