नळीवरचा डबा

मुर्रीच्या शिवारात दुर्गाप्रसाद शेठच्या चक्कीचं इंजिन सुरू झालं की त्याचा आवाज तलावाच्या पाळीपलीकडे जायचा. पुक्, पुक्, पुक्. इंजिनाच्या धुराची नळी छपरातून वर काढलेली होती आणि तिच्या तोंडावर घासलेटचा रिकामा डबा पालथा टांगला होता. नुसत्या नळीचा आवाज जवळच्या जवळ विरायचा. डब्यात शिरून बाहेर पडला की तोच आवाज गावोगाव फिरायचा. शेठ गोंदियाच्या बाजारात मुरलेला माणूस, त्यानं डबा मुद्दाम लावून घेतला होता. आवाज ऐकला की बायका गव्हाच्या, धानाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघत. आवाज नसला तर कोणी उंबरा ओलांडत नसे.

शेठ गोंदियात राहायचा. आवाज पडायचा इंजिन चालवणाऱ्या बिसराम पटलेच्या डोक्यावर.

बिसराम पोवार शेतकऱ्याच्या घरचा. पूर्वज माळव्यातून आले तेव्हा जमीन म्हणे नजर पोचेल तिथवर होती. वाटण्या होता होता बिसरामच्या वाट्याला आला तो धानाच्या बांधीचा एक तुकडा. म्हणून त्यानं इंजिन धरलं. पोवाराच्या पोरानं नांगर सोडून तेलात हात घातले, असं भावकी म्हणाली. भावकीचं काय जातं बोलायला! सकाळी दिव्यानं इंजिनाचं डोकं तापवायचं, ते लाल झालं की जडशीळ चाकाला हिसका द्यायचा, चाकानं उलटा हिसका दिला तर आपलं मनगट वाचवायचं. मग दिवसभर तेल घाला, पाणी बघा, पट्टा सरकला की सरळ करा. वर बायकांची भांडणं सोडवा, कारण प्रत्येकीचा नंबर दुसरीच्या आधीचा. इंजिन दमत नाही, म्हणजे इंजिनवालाही दमत नसणार, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं.

बिसराम दमत होता. अंगानं दमायचा त्याहून कानानं जास्त दमायचा. इंजिन बंद करून घरी आला तरी पुक्पुक् डोक्यात चालूच. बायको काही बोलली की तो उगाच हो म्हणायचा आणि मग भलत्याच गोष्टीला हो म्हटल्याबद्दल बोलणी खायचा. लोक देवाकडे शेत मागतात, पोरगा मागतात. बिसरामचं मागणं एवढंच, की कधीतरी एक दिवस कुठंतरी गप्प बसून राहावं आणि कानावर काही पडू नये.

त्याची बायको धुरपताबाई कधी चक्कीच्या आत यायची नाही. दुपारी भाकर आणली की बाहेर बोरीखाली ठेवायची आणि पाठ फिरवून निघायची. तसं व्हायला कारण होतं.

बिसरामला केवलराम नावाचा धाकटा भाऊ होता. धुरपता लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता आणि सासू नव्हती. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. मोठा झाल्यावर तो बिसरामबरोबर चक्कीवर जाऊ लागला. एका दिवशी पट्ट्याला राळ लावताना त्याच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. बिसरामनं धावत जाऊन इंजिन बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. धुरपता त्या वेळी भाकर घेऊन वाटेत होती. त्या दिवसानंतर बिसराम धोतर नेसून कधी कामावर गेला नाही, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालू लागला. आणि धुरपता बोरीपुढे आली नाही. तिला हा आवाज सोसत नाही, असं बिसरामनं ठरवून टाकलं. त्यानं तिला विचारलं नाही आणि ती बोलली नाही. घरात केवलरामचं नाव निघत नव्हतं, मग इंजिनाचं कुठून निघणार?

अशी बरीच वर्षं गेली. मग एका माघात केशोराव पाटील चक्कीवर आले. चक्कीची जागा त्यांची, आणि घर चक्कीला लागून. त्यांची म्हातारी आई जमुनाबाई कमरेचं हाड मोडून खाटेला खिळली होती.

"बिसराम, माही माय तळमळून राहिली," केशोराव इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडले. "हा कल्ला बंद कर, नाहीतर जागा खाली करा म्हणाव शेठले."

शेठ दुसऱ्याच दिवशी टांग्यानं आला. कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "जगह उनकी है, भाई. आवाज बंद करो, पर चक्की बंद नहीं होनी चाहिए."

बिसरामला हसू आवरेना. वर्षानुवर्षं ज्याची आस धरली ते आज मालकच सांगत होता! गोंदियाच्या मोठ्या राइस मिलमध्ये त्यानं पाहिलं होतं, तिथं इंजिनाचा धूर जमिनीतल्या खड्ड्यात सोडत. त्यानं भिंतीमागे तसाच खड्डा खणला, विटांनी बांधला, नदीचे गोटे भरले, वर फरशी टाकली. धूर गोट्यांत अडखळत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं मुकाट्यानं बाहेर पडायचा. इंजिनाच्या पायाभोवतीही त्यानं चर खणला आणि धानाचा कोंडा ठासून भरला, म्हणजे हादरा चरातच मुरावा, पुढे जाऊ नये. आयुष्यात त्यानं कुठलं काम एवढ्या हौसेनं केलं नव्हतं. घरी मात्र काही सांगितलं नाही. आवाज बंद झालेला धुरपतेला आपोआप कळेल, तिच्याही जिवाची सुटका होईल, असं मनात होतं. बायकोला खूष करायची वेळ त्याच्यावर क्वचित यायची, त्यामुळे ते करतात कसं हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

सगळं तयार झालं त्या दिवशी जेवणाच्या आधी त्यानं इंजिन थांबवलं, नळी खड्ड्याला जोडली आणि पुन्हा चाक फिरवलं. इंजिन चाललं. जातं घरघरत होतं, पट्टा सळसळत होता, पण डोक्यावर आदळणारं ते पुक्पुक् नव्हतं. जात्यापाशी उभ्या बाईच्या बांगड्या वाजलेल्या त्याला ऐकू आल्या. तो बाहेर बोरीखाली जाऊन बसला आणि त्यानं डोळे मिटले. कानांच्या आत बारीक शिट्टी वाजतच होती. ती काही खड्ड्यात जाणारी नव्हती. तरी त्याला फार बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा बांधावरून धुरपता धावत येत होती. ती लाखोरीचं कडधान्य उपटायला वावरात गेली होती. उपटलेली पेंडी तशीच मुठीत, पदर खांद्यावरून घसरलेला. ती बोरीपाशी थांबली नाही, कारण बिसराम तिथं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती थेट चक्कीत शिरली.

"ये दुलारीची माय!" बिसराम मागून ओरडला. दुलारी ही त्यांची सासरी दिलेली लेक.

ती वळली. त्याच्या दोन्ही दंडांवरून, मनगटांवरून तिनं हात फिरवले, पायांकडे पाहिलं. मग हातातली लाखोरीची पेंडी त्याच्या खांद्यावर हाणली. एकदा नाही, चारदा हाणली. दळायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

"अवं, काऊन मारतेस?"

"काऊन म्हनता? इंजिन बंद पडलं ना! जेवनाच्या आंधी बंद पडलं, आन् मंग आवाजच नाही!"

"बंद नाही पडलं, चालूच हाये. आवाज तेवढा बंद केलो. तुले तो सोसत नाही म्हनून मले वाटलं…"

"कोनं सांगतलं तुमाले?" आता ती रडत होती. "वावरात मी कान तिकडंच लावून राहते. पुकपुक चालू हाये तवरक मले मालूम राहते का तुमी जिते हाव. केवलरामच्या दिवशी असाच बंद पडला होता आवाज. मी वाटेत होती."

बिसरामनं तिच्या मुठीतली पेंडी काढून घेतली. आपण ज्या आवाजाला रोज शिव्या घालत होतो त्यावर ही बाई दिवस काढत होती, हे कळल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी तो केशोरावांच्या घरी गेला. हात जोडून डबा परत टांगायची परवानगी मागू लागला तशी केशोरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली. पण आतून म्हातारीच बोलली.

"कोन, बिसराम काय रे? चांगलं केलास बाप्पा. खाट हालत होती ना, माहं मोडलं हाड लय ठनकत होतं. आता नाही हालत."

"आन् आवाज, आजी?"

"आवाजानं माहं काय बिगडते? उलटं आज सुनं सुनं लागून राहिलं. पडल्या पडल्या तेवढीच सोबत होती."

केशोरावांनी तोंड उघडलं. "माय, मंग सांगतलं काऊन नाही मले?"

"तू इचारलास कधी?"

केशोरावांनी बिसरामकडे पाहिलं, बिसरामनं जमिनीकडे पाहिलं. दोघेही एकाच माळेचे मणी.

कोंड्याचा चर तसाच राहिला. खड्डा मात्र बिसरामनं बुजवला आणि छपरावर चढून डबा पुन्हा टांगला. तो आवाज नको असलेला माणूस सगळ्या गावात एकच होता, आणि डबा त्यालाच टांगावा लागला. पण या वेळी त्यानं डब्याला एक लांब बांबू बांधून खाली सोडला. जेवणाला आणि संध्याकाळी इंजिन बंद करायच्या आधी तो बांबूनं डबा तीनदा बाजूला सारायचा आणि तीनदा परत आणायचा. आवाज तीनदा बसायचा, तीनदा चढायचा, आणि मगच थांबायचा. लोकांना वाटलं, इंजिनवाल्याचं डोकं फिरलं. वावरात धुरपता मात्र ती खूण ऐकून कंबर सरळ करायची आणि भाकरीचं फडकं सोडायची.

पुढे बिसरामचे कान पुरते गेले. आधी बायकांची भांडणं ऐकू येईनाशी झाली, त्याचं त्याला दुःख नव्हतं. मग इंजिनही ऐकू येईना, उरली ती फक्त आतली शिट्टी. स्वतःला ऐकू येत नसताना तो डबा मात्र रोज तीनदा सारायचा. शेवटी शेठनं चुन्नीलाल नावाचा दुसरा माणूस ठेवला आणि बिसरामला घरी बसवलं. हवी होती तशी शांतता आली, पण तोवर तिचं सुख घेण्याएवढं त्राण अंगात उरलं नव्हतं.

चुन्नीलाल कामावर आला त्या पहिल्याच दुपारी बिसराम अंगणात खाटेवर पडला होता. धुरपता शेजारी बसून लाखोरीची डाळ पाखडत होती. एकाएकी सूप तिच्या हातून पडलं. ती उठली आणि बिसरामच्या दोन्ही दंडांवरून हात फिरवू लागली.

"काऊन?" त्यानं विचारलं.

तिनं बांबू सारल्यासारखा हात हवेत तीनदा हलवला आणि मान नाही म्हणून हलवली. इंजिन थांबलं होतं, आणि चुन्नीलालनं डबा सारला नव्हता.

"मी इथंच हाओ ना," बिसराम म्हणाला.

ते तिला दिसत होतं. तरी तिनं धरलेला दंड सुटेना. बिसराम खाटेवर बसता झाला. मग तिचा हात हळूच बाजूला करून उठला, काठी शोधली आणि वहाणा पायात सारल्या.

"कुठं जाऊन राहिले एवढ्या उनात?" ती बाहेरच्या उन्हाकडे हात करत ओरडली.

"चक्कीवर. चुन्नीलालले डब्याचं सांगतो," तो म्हणाला. "त्याचीही बायको वावरात जाते."