कागदाला विचारून घेतलेले बूट

परवाच्या रविवारी वालूरच्या पुढच्या माळावर मी चक्क दोन तास चालले. गेलो होतो तित्तर बघायला... आणि मी सगळा वेळ बघत होते आमच्या ह्यांच्या बुटांकडे!

आमचे हे रिटायर्ड मास्तर, सेलूला भूगोल शिकवायचे. सासऱ्यांना तित्तर-लाव्यांच्या शिकारीचा भारी शौक होता. आता शिकारीला बंदी आहे आणि ह्यांना मारण्यात तसाही रस नाही, नुसती दुर्बीण लावून बघतात. वडिलांचं पाप फेडतोय म्हणतात... त्यासाठी पहाटे पाचचा चहा मी करते, म्हणजे अर्धं पुण्य माझं.

पण शुगरमुळे ह्यांच्या पायांना काही कळेनासं झालंय. दोन वर्षांपूर्वी चपलेच्या पट्ट्याने डाव्या पायाला जखम झाली, ती चार दिवस कळलीच नाही. शेवटी करंगळी काढावी लागली. पुन्हा असं झालं तर एका बोटावर भागणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

तेव्हापासून माळ बंद. दुर्बीण कपाटावर गेली आणि हे गॅलरीत बसून पारवे मोजायला लागले. बोलणंही कमी झालं... मला ते बघवत नव्हतं.

या थंडीत डॉक्टर म्हणाले, बूट नीट असतील तर चाला. झालं, ह्यांनी लगेच मोबाईलवरून बूट मागवले. चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंत, परदेशात पक्ष्यांच्या शिकारीला घालतात तसले... चित्रात बंदूकवाला साहेब आणि शेजारी कुत्रा!

दिवसभर ते बूट घालून हे घरात फिरत होते. लागत नाहीत ना, असं मी दहा वेळा विचारलं. दहाही वेळा एकच उत्तर, "एकदम मस्त!"

संध्याकाळी मोजा काढला तर उजव्या करंगळीवर लालभडक चट्टा. बूट लागत नाही म्हणजे बूट चांगला, असं आम्ही धरून चाललो होतो... ज्या पायाला काही कळतच नाही, त्यालाच विचारत बसलो होतो! मीही शाळेत बाईच होते, दोघांनी जन्मभर पोरांना शिकवलं आणि अक्कल ही एवढी.

चट्टा जाईपर्यंत मी त्यांना पलंगावरून हलू दिलं नाही. ते बूट परत पाठवले आणि ह्यांना घेऊन स्टेशनजवळच्या चाचांकडे गेले. चाचा चपला-बूट शिवतात, आमच्या घरातल्या सगळ्यांचे पाय त्यांना ठाऊक आहेत.

सगळं ऐकून चाचा मलाच म्हणाले, "बाई, सरांच्या पायाला इचारून काय फायदा? आपण कागदाला इचारू."

त्यांनी जुना पेपर अंथरला, ह्यांना त्यावर उभं केलं आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवून कागद कापून दिले. बुटात हा कागद सरकवायचा, जिथं दुमडेल तिथं बूट चावणार. आणि दुकानात संध्याकाळीच जायचं, कारण दिवसभरात पाय फुगतात... किती साधी गोष्ट!

कागदाची पावलं घेऊन आम्ही दुकानात गेलो तेव्हा दुकानदार हसू दाबत होता. सात जोड झाले, प्रत्येकात कागद दुमडला. ह्यांना लष्करी ठिपक्यांचा एक जोड फार आवडला होता... त्यात तर कागदाची पुंगळी झाली. हे लहान मुलासारखे रुसले.

आठव्या जोडात कागद सपाट बसला. बूट दिसायला अगदीच सुमार, मातकट रंगाचा, पुढून बदकाच्या चोचीसारखा रुंद. पण वजनाला हलका, तळ जाड आणि घोटा झाकणारा. तो घेऊन परत चाचांकडे गेलो. त्यांनी आत हात घालून एक शिवण ठोकून बसवली, मऊ तळवा टाकला आणि म्हणाले, "आता जावा बिनघोर. पर घरी आल्यावर पाय बघत जावा."

तर परवाचा रविवार. ह्यांना पांढरे मोजे घातले, म्हणजे रक्ताचा ठिपका आला तर लगेच दिसावा. माळावर हे पुढे, मी मागे. मध्येच हे थांबले, तोंडावर बोट ठेवलं... पलीकडच्या ज्वारीच्या कडेला तित्तर ओरडत होता.

नीट दिसावं म्हणून ह्यांनी टाच उचलली आणि मला बुटाच्या तळात रुतलेला वेड्या बाभळीचा काटा दिसला. वरून मोडलेला... आत किती गेलाय कळायला मार्ग नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, बसा खाली!" तित्तर भुर्र.

ह्यांना बांधावर बसवलं. बुटाची नाडी सोडली. बूट काढून आत हात घातला... तळवा गुळगुळीत. मोजा काढला, उलटा केला, सुलटा केला... पांढराशुभ्र. एकेक बोट फाकवून पाहिलं. काही नव्हतं.

मला रडू आलं आणि हसूही. हे मात्र गाल फुगवून, "तित्तर उडवलास की गं माझा!"

बोटाच्या पेराएवढा काटा निघाला, सगळा जाड तळातच अडकलेला. येताना तो चाचांना दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला आणि "अल्लाची मेहेरबानी" म्हणत परत माझ्याच हातात ठेवला.

कालपासून मैत्रिणी विचारतायत, कोणकोणते पक्षी पाहिलेस? खरं सांगते, एकही नाही... मी एक पांढरा मोजा पाहिला. आणि दोन वर्षांनी माळावर माझ्या पुढे चालणारी ह्यांची पाठ.